पावसाळा सरल्यावर ट्यूब ॲम्प खरखरतो, आवाज मध्येच बसतो: तपासायचं कुठून आणि थांबायचं कुठे

गणपती उठले की बडोद्यात नवरात्राच्या तालमींना जोर येतो आणि चार महिने कोपऱ्यात झाकून ठेवलेले गिटारचे ट्यूब ॲम्प, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या ट्यूबांवर चालणारे ॲम्प्लिफायर, बाहेर निघतात. त्या दोन-तीन आठवड्यांतल्या तक्रारी दरवर्षी एकाच साच्याच्या असतात. आवाज येतो आणि बसतो. नॉब फिरवला की खरखर होते. कोणी वाजवत नसतानाही घूंऽऽ चालू राहतं. आणि प्रत्येक वेळी पहिलं वाक्य तेच: "ट्यूब गेल्या वाटतं."

बहुतेक वेळा ट्यूब गेलेल्या नसतात. ट्यूब काचेत बंद असते, आत हवाच नसते, त्यामुळे दमट हवा तिचं आतून काही बिघडवत नाही. ओल लागते ती जिथे धातू धातूला नुसता टेकलेला असतो तिथे: जॅक, सॉकेट, स्विच, नॉबखालचा पोटेन्शिओमीटर, स्पीकरच्या चिमट्या. या जागांवर चार महिन्यांत ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि सिग्नल अडखळतो. हे न पाहता ट्यूबांचा नवा जोड घातला तर काही हजार रुपये जातात. कधी कधी नवा जोड घालताना सॉकेट घासलं गेल्यामुळे दोन दिवस ॲम्प चांगला चालतो आणि मग दुखणं परत येतं. म्हणून खालच्या क्रमानेच जा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसा लागत नाही.

लक्षणं नीट ऐका

आवाज हळूहळू बसत जातो, आणि जोरात कॉर्ड मारला की "फट" करून परत येतो. हे सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण आहे आणि ते जवळजवळ नेहमी कुठल्या तरी जॅककडे बोट दाखवतं. ऑक्साइडच्या थरातून बारीक सिग्नल जात नाही. मोठा सिग्नल तो थर फोडून जातो, म्हणून जोराच्या फटक्याने आवाज परत येतो.

नॉब फिरवताना होणारी खरखर आणि नॉबला हात न लावता आपोआप होणारी, तव्यावर पाणी उडाल्यासारखी तडतड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली धुळीची किंवा ओलीची. दुसरी ट्यूबची, सॉकेटची किंवा आतल्या एखाद्या रेझिस्टरची.

घूं आवाजाचा सूर ओळखता आला तर अर्धं काम झालं. आपल्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा आहे. डीसी करताना त्यातून जी लहर उरते ती १०० हर्ट्झची असते. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजतो तो जी ९८ हर्ट्झचा. ॲम्पचा आवाज त्या सुराच्या किंचित वर लागला, तर १०० हर्ट्झ समजा, म्हणजे संशय ॲम्पच्या पॉवर सप्लायवर किंवा पॉवर ट्यूबांच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या मोठ्या ट्यूबांच्या, जोडीवर. त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे बास गिटारच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटच्या आसपास लागला तर ५० हर्ट्झ: अर्थिंग, केबल, पिकअप किंवा ट्यूबचा हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार). कानाला हे पाच मिनिटांत जमतं, मीटर लागत नाही.

आता अशी लक्षणं जिथे पुढचं काही तपासायचंच नाही. पॉवर ट्यूबमधला करडा पत्रा लालभडक होणं. धूर, किंवा वॉर्निश जळाल्याचा वास. गिटारच्या तारेला हात लावताच झिणझिण्या. यांपैकी एकही दिसलं तर ॲम्प बंद करा, प्लग भिंतीतून काढा आणि थेट "इथे थांबायचं" या भागाकडे जा. ट्यूबच्या मधोमध दिसणारी नारिंगी रेघ मात्र हीटरची असते, ती हवीच. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारी निळी झाक पाहूनही पुष्कळ लोक घाबरतात. तीही निरोगी आहे.

चालू करण्याआधी, प्लग बाहेर असताना

मागची बाजू टॉर्च मारून बघा. मागून उघड्या कॅबिनेटमध्ये कुंभारीण माशी मातीची घरटी करते, झुरळं ट्रान्सफॉर्मरच्या कडेला बसतात, उंदीर स्पीकरची वायर कुरतडतो. पाल आत मरून पडलेली असेल आणि ती सॉकेटजवळ असेल, तर नुसती झटकून चालू करू नका. ओलसर, खारट काहीही ४०० व्होल्टच्या दोन पिनांमध्ये आलं की ठिणगी पडते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. आत पाणी मारायचं नाही आणि ओला फडकाही नाही.

ॲम्प ओलसर खोलीतून काढला असेल तर एक दिवस पंख्याखाली, कोरड्या जागी उघडा ठेवा. एसीच्या खोलीतून दमट हवेत आणलेल्या ॲम्पवर तर दव धरतं. तो अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या, मग चालू करा.

स्पीकरचा प्लग स्पीकर जॅकमध्ये पूर्ण बसला आहे का, हे बोटाने दाबून बघा. ट्रान्झिस्टर ॲम्प स्पीकरशिवाय चालू राहिला तरी सहसा काही होत नाही. ट्यूब ॲम्पचं तसं नाही. स्पीकर नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतं, त्यातून सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंगच फुटतं. अख्ख्या ॲम्पमधल्या सगळ्यात महागड्या भागांपैकी हा एक. शिवाय स्पीकरला गिटारची केबल लावायची नाही. तिच्यातली तार केसासारखी बारीक असते, प्रवाह सोसत नाही.

गिटार काढा आणि ऐका

ॲम्प चालू करून पाच मिनिटं तापू द्या. मग इनपुटमधून केबल काढून घ्या. बहुतेक ॲम्पमध्ये प्लग नसला की इनपुट जॅक आपोआप अर्थला जोडला जातो, म्हणजे बाहेरचं सगळं तुटतं. आवाज थांबला? मग दुखणं गिटार, केबल किंवा पेडलमध्ये आहे आणि ॲम्प निर्दोष आहे. दुसरी केबल लावा, सगळी पेडलं बाजूला काढून गिटार सरळ ॲम्पला जोडा. सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर जागेवर उभं राहून गोल फिरा. दिशा बदलताना घूं कमी-जास्त झालं तर ते पिकअपने हवेतून उचललेलं आहे: एलईडी दिवे, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, जवळचा चार्जर. मांडवात रोषणाईच्या डिमरजवळ ॲम्प ठेवला तर हे होणारच. जागा बदला.

गिटार काढूनही आवाज राहिला, तर आता व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज गेला तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या टप्प्यात, म्हणजे इनपुटजवळच्या पहिल्या छोट्या ट्यूबच्या आसपास. तसाच राहिला तर व्हॉल्यूमच्या पुढे: फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबांच्या दोन बाजूंना सिग्नल वाटून देणारी छोटी ट्यूब), पॉवर ट्यूब, पॉवर सप्लाय. रिव्हर्ब असेल तर त्याचाही नॉब शून्यावर आणून बघा, कारण रिव्हर्बच्या डब्याच्या जोडण्या ओलीने लवकर काळवंडतात. या दोन मिनिटांच्या तपासणीने पुढचे दोन तास वाचतात. ती गाळून कोणीही ट्यूबला हात लावू नये.

घराचा आणि मांडवाचा पुरवठा

मांडवी-रावपुऱ्याच्या जुन्या घरांत तीन पिनी सॉकेट दिसतं, पण मागे अर्थची तार असेलच असं नाही. वायरमनकडून मीटरने तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ऐंशी-शंभर असं काहीतरी अधांतरी दाखवत असेल तर अर्थ जोडलेलाच नाही. अशा वेळी घूं तर येतंच, पण खरी भीती वेगळी आहे. ॲम्पच्या आत कुठे गळती झाली तर चॅसिस, केबलची जाळी, गिटारच्या तारा, सगळं जिवंत होतं. हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा अवस्थेत बसलेला झटका जीव घेऊ शकतो.

घूं कमी होतं म्हणून प्लगची जाड पिन कापायची किंवा दोन पिनी ॲडॉप्टर लावायचा हा उपाय अजूनही सर्रास सांगितला जातो. तो करू नका. कोणीही सांगितलं तरी करू नका. दोन ॲम्प किंवा ॲम्प आणि मिक्सर जोडल्यावरच घूं येत असेल तर तो अर्थचा फेरा आहे. दोन्ही एकाच सॉकेटवरून चालवा, नाहीतर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जोडून देणारा छोटा डबा) लावा. अर्थ तसाच राहू द्या.

रात्री उशिरा व्होल्टेज चढतं हेही लक्षात असू द्या. २२० व्होल्टवर बेतलेल्या ॲम्पला २५० मिळाले तर ६.३ व्होल्टचा हीटर ७.१ च्या वर जातो. ट्यूबला साधारण १० टक्के वर-खाली चालतं, हे त्यापलीकडचं झालं. ट्यूबचं आयुष्य घटतं. ॲम्पच्या मागे २२०/२३०/२४० असा निवडीचा स्विच असेल तर प्लग काढून तो २४० वर ठेवा. मांडवात जनरेटरवर किंवा तीन फेजच्या तात्पुरत्या जोडणीवर ॲम्प लावण्याआधी सॉकेटचं व्होल्टेज मोजल्याशिवाय प्लग घालू नका. तिथे न्यूट्रल सैल झाला तर २३० च्या जागी तीनशेच्या वर येऊ शकतं, आणि मग ट्रान्सफॉर्मर वाचत नाही. परदेशातून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच.

एफएक्स लूप: एका केबलची परीक्षा

आवाज बसणं आणि फटक्याने परत येणं, या दुखण्याचं सगळ्यात ठरलेलं घर म्हणजे ॲम्पच्या पाठीवरचा रिटर्न जॅक. एफएक्स लूप म्हणजे इफेक्ट पेडलं ॲम्पच्या मधल्या टप्प्यात जोडायचे सेंड आणि रिटर्न हे दोन जॅक. लूप वापरत नसाल तर "त्याचा काय संबंध" असं वाटतं. संबंध असा: अनेक ॲम्पमध्ये लूप सिग्नलच्या वाटेतच असतो, आणि रिटर्नमध्ये प्लग नसताना सगळा सिग्नल त्या जॅकच्या आतल्या एका पातळ स्प्रिंगच्या पत्तीतून पुढे जातो. ही पत्ती नखाच्या टोकाएवढ्या जागेवर टेकते. वर्षानुवर्षं कोणी त्यात प्लग घालत नाही, म्हणून ती कधी घासली जात नाही आणि तिथेच थर साचतो.

परीक्षा सोपी. एक चांगली छोटी केबल घ्या, एक टोक सेंडमध्ये, दुसरं रिटर्नमध्ये. आवाज भरून आला आणि टिकला, तर दोष सापडला. नवरात्र तोंडावर असेल तर ती केबल तशीच ठेवून नऊ रात्री वाजवा, काही बिघडत नाही. पुढे सवडीने जॅक साफ करा: ॲम्प बंद, प्लग भिंतीतून बाहेर, पाव इंची जुन्या प्लगवर कॉन्टॅक्ट क्लीनरचे एक-दोन थेंब, आणि तो पंधरा-वीस वेळा आत-बाहेर. पत्ती उघडझाप होते आणि थर घासला जातो. दर सीझनला हे दुखणं परत येत असेल तर जॅक बदलून घ्या. भाग स्वस्त आहे, काम डाग देण्याचं आहे, पण ते कारागिराचं.

इनपुट जॅक, फूटस्विचचा जॅक आणि स्पीकर जॅक यांनाही हाच उपचार. क्लीनर मिळाला नाही तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, वापरल्यावर दहा मिनिटं वाळू द्या. गंज सोडवायचं तेल, शिलाई मशीनचं तेल, खोबरेल यांपैकी काहीही नको. आज खरखर थांबते, पण त्या तेलाला गरब्याच्या मैदानातली धूळ चिकटते आणि पुढच्या वर्षी दुप्पट काम होतं.

नॉब

ॲम्प बंद ठेवून प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. बोटं दुखतात, पण किरकोळ खरखर एवढ्यानेच जाते, कारण आतला सरकता संपर्क स्वतःची वाट पुसून घेतो. नॉब उपसून दांड्यावर फवारा मारला तर तो आतल्या कार्बनच्या पट्टीपर्यंत सहसा पोचत नाही. तिथे नीट फवारायला चॅसिस उघडावं लागतं, आणि ते काय असतं ते पुढे आलंच आहे.

नॉब साफ करूनही चार दिवसांत एकाच नॉबवर तीच खरखर आली, तर मळ हे कारण नाही. बहुधा आधीच्या टप्प्यातला कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे सोडून डीसी अडवणारा) गळतो आहे आणि डीसी व्होल्टेज नॉबवर येतंय. हे नुसतं कानाला त्रास देणारं नाही. तसाच कपॅसिटर पॉवर ट्यूबच्या ग्रिडपाशी (सिग्नल घेणाऱ्या जाळीपाशी) गळला तर ट्यूब लाल होते. कारागिराला सांगा, "नॉब धुतला, परत आला, कपॅसिटर बघा."

स्पीकर

स्पीकरचा प्लग ॲम्पमधून काढून, ॲम्प बंद असताना, प्लगच्या टोकावर आणि दांड्यावर मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, १६ चा १२-१३ च्या आसपास, ४ चा तीन-साडेतीन. मीटरचा आकडा छापील आकड्यापेक्षा कमीच यायचा, त्यात दोष नाही. आकडा बघत केबल हलवा, स्पीकरच्या चिमट्या बोटाने हलवा. आकडा उडाला तर जागा मिळाली. चिमटी काढून, सैल असेल तर पक्कडीने किंचित दाबून परत बसवा. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा सेल प्लगला क्षणभर टेकवा: कोन हलून "ठप्" आवाज आला पाहिजे. जुने रेडिओवाले हीच युक्ती वापरतात. त्याच हाताने स्पीकरचे आणि चॅसिसचे स्क्रू आवळून घ्या. टेम्पोतून फिरलेल्या ॲम्पमध्ये ते सैल झालेले असतात आणि ठरावीक सुरावर होणारा भुर्रर्र आवाज पुष्कळदा तिथलाच असतो.

आता ट्यूब

ॲम्प बंद करा, प्लग काढा. छोट्या ट्यूबांसाठी दहा मिनिटं, पॉवर ट्यूबांसाठी अर्धा तास थांबा. छोट्यांवर पत्र्याचं टोपण असतं, ते दाबून फिरवलं की निघतं. ट्यूब सुती रुमालाने धरा, अगदी थोडी गोल डुलवत सरळ वर ओढा. वाकडी ओढली तर नऊ पिनी ट्यूबचा तळ तडकतो. पिना अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, आणि ट्यूब चार-पाच वेळा आत-बाहेर करून बसवा. छोट्या ट्यूबच्या पिनांमध्ये एक मोकळी जागा असते, ती सॉकेटशी जुळवा. मोठ्या आठ पिनी ट्यूबच्या मधल्या खुंटीला उभी धार असते. ती खुंटी तुटलेली असेल तर ट्यूब परत बसवू नका: ती चुकीच्या कोनातही बसते, आणि मग नको त्या पिनेवर उच्च दाब येतो.

सॉकेटच्या भोकात सुई, पिन, टोकदार काही घालू नका. सॉकेट बाहेरून दिसत असलं तरी विजेच्या दृष्टीने ती ॲम्पची आतली बाजू आहे; प्लग काढल्यावरही तिथे दाब उरलेला असू शकतो. सैल सॉकेट घट्ट करणं कारागिराकडे.

बसवून झाल्यावर ॲम्प चालू करा, व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा आणि पेन्सिलच्या रबराच्या टोकाने प्रत्येक छोट्या ट्यूबवर हलकी टिचकी मारा. पहिल्या ट्यूबवर "टिक" ऐकू येणं ठीक. पण काशाच्या वाटीसारखा टणऽऽ घुमत राहिला, किंवा टिचकीसरशी तडतड सुरू झाली, तर ती ट्यूब किंवा तिचं सॉकेट गुन्हेगार. अशा ट्यूबला मायक्रोफोनिक म्हणतात: आतली जाळी ढिली झालेली असते आणि ट्यूब माइकसारखी ऐकू लागते.

खात्री करायला एक चांगली १२एएक्स७ जवळ हवी. ईसीसी८३ हे तिचंच युरोपी नाव. ॲम्प असलेल्या प्रत्येकाने ही एक ट्यूब जास्तीची ठेवावीच. पहिल्या जागी घाला, ऐका. फरक नाही? मूळ ट्यूब परत तिच्या जागी, आणि चांगली ट्यूब दुसऱ्या जागी. असं एकेक. सगळ्या एकदम बदलल्या तर दुखणं गेलं तरी कशाने गेलं ते कळत नाही. प्रत्येक अदलाबदलीला ॲम्प बंद. या छोट्या ट्यूब बदलताना बायस (ट्यूबमधून शांत असताना किती प्रवाह जावा ते ठरवणारी जुळणी) लावावा लागत नाही. पॉवर ट्यूबांच्या सगळ्यात जवळची छोटी ट्यूब फेज इन्व्हर्टर असते. तिचा आवाज व्हॉल्यूम शून्य केल्यावरही राहतो, त्यामुळे ती विसरू नका. काही ॲम्पमध्ये तिथे १२एटी७ असते, तेव्हा वरचं छापील नाव वाचून तीच घाला.

पॉवर ट्यूबांचं गणित वेगळं. ईएल८४, ईएल३४, ६व्ही६, ६एल६, कुठलीही असो, जुळवलेल्या जोडीनेच बदलायची. एकच बदलली तर दोन्ही बाजूंचा प्रवाह असमान होतो आणि १०० हर्ट्झचं घूं ऐकू येऊ लागतं. फिक्स्ड बायसच्या ॲम्पमध्ये नवी जोडी घातल्यावर बायस मोजून लावावाच लागतो, आणि ते ॲम्प उघडून, चालू असताना होतं. कॅथोड बायसच्या ॲम्पमध्ये, ईएल८४ वाले अनेक छोटे ॲम्प असे असतात, जोडी सरळ बदलता येते. कुठला प्रकार आहे ते ॲम्पच्या माहितीपत्रकात बघा, अंदाजाने ठरवू नका. कुठल्याही ट्यूबच्या काचेवरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली. ती ट्यूब संपली, चालू करूनही बघू नका.

फ्यूज

ॲम्प अजिबात चालू होत नसेल, किंवा दिवा लागतो पण आवाज शून्य, तर फ्यूज बघा. दुसऱ्या प्रकारात हीटर चालू असतात आणि एचटीचा, म्हणजे ट्यूबांच्या उच्च दाबाच्या डीसीचा, वेगळा फ्यूज उडालेला असतो. फ्यूजची काच बोलते. तार मधोमध स्वच्छ तुटलेली असेल तर तो थकून गेला असण्याची शक्यता आहे. काच आतून काळी किंवा आरशासारखी चंदेरी झाली असेल तर आत मोठा शॉर्ट झाला होता.

तोच आकडा आणि तोच प्रकार घाला. फ्यूजच्या टोपणावर टी लिहिलं असेल तर तो स्लो-ब्लो, चालू होतानाचा क्षणिक झोत सोसणारा. एफ म्हणजे फास्ट. तो टी च्या जागी घातला तर विनाकारण उडत राहतो. मोठा फ्यूज किंवा चांदी-कागद लावला, तर पुढच्या वेळी जळतो तो ट्रान्सफॉर्मर.

नवा फ्यूज एकदाच. तोही उडाला तर फार तर एक परीक्षा: पॉवर ट्यूब काढून, आणखी एक फ्यूज घालून, क्षणभर चालू करा. टिकला तर बहुधा पॉवर ट्यूब शॉर्ट आहे. उडाला तर दोष रेक्टिफायर, फिल्टर कपॅसिटर किंवा ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे आणि तुमचं काम इथे संपलं.

इथे थांबायचं

ट्यूब ॲम्पच्या आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात, आणि फिल्टर कपॅसिटर प्लग काढल्यावरही ते धरून ठेवू शकतात. ५० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर ४५० व्होल्टला सुमारे ५ ज्यूल ऊर्जा साठवतो, आणि असे तीन-चार असतात. बंद करताना स्टँडबायचा स्विच वाजवायच्या जागी ठेवला तर गरम ट्यूब तो साठा बऱ्याच अंशी पिऊन टाकतात, सवय चांगली आहे. पण तिच्या भरवशावर हात घालायचा नाही. बाकी राहिलेला दाब मीटरनेच कळतो, आणि तो मोजणं हे सवयीच्या हाताचं काम आहे.

म्हणून ट्यूबचा पत्रा लाल होणं, फ्यूज पुन्हा उडणं, तारांना झिणझिण्या, जळका वास, फुगलेला किंवा चिकट पाणी सुटलेला कपॅसिटर, सगळं तपासूनही न जाणारं १०० हर्ट्झचं घूं: हे सगळं सरळ कारागिराकडे. पत्रा लाल होण्याचं पावसाळी कारण बहुधा बायसच्या वाटेत असतं, ओलसर झालेलं बोर्ड किंवा बायसच्या बारीक पोटेन्शिओमीटरचा तुटलेला संपर्क. नवी जोडी घालून चालवलं तर नवी जोडीही जाते.

दोन-तीन वर्षं न लावलेला ॲम्पही थेट भिंतीत लावू नका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा आतला ऑक्साइडचा थर इतक्या काळात कमजोर होतो. कारागीर व्हेरिॲकवर हळूहळू व्होल्टेज चढवून बघतो.

आणि विश्वामित्रीच्या पुराचं पाणी लागलेला ॲम्प. २०१९ आणि २०२४ च्या पुरांत तळमजल्यांत पाणी शिरलं, तेव्हा "आठवडाभर उन्हात वाळवला, आता चालू करून बघू" हा विचार अनेकांना मोहात पाडतो. ॲम्प वरून कोरडा दिसतो, पण गाळ ट्रान्सफॉर्मरच्या थरांत, सॉकेटच्या खाचांत आणि बोर्डाखाली बसलेला असतो. मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन तपासल्याशिवाय त्याला वीज द्यायची नाही.

कारागीर निवडताना एकच बघा: त्याने ट्यूबवर काम केलंय का. व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेली जुनी माणसं तुमच्या गिटारच्या भाषेत बोलणार नाहीत, ती ट्यूबला व्हॉल्व्हच म्हणतील, पण एचटीचा मान त्यांना ठाऊक असतो. विचारा: कपॅसिटर रिकामे कसे करता? बायस किती ठेवणार? काढलेले भाग परत देणार का? उत्तर द्यायला जो कंटाळतो त्याच्याकडे ॲम्प ठेवू नका.

पुढच्या आषाढात

प्लास्टिकच्या आवरणाखाली ओल कोंडते. जुन्या सुती चादरीचं आवरण चांगलं. ॲम्प जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, खाली दोन फळ्या घाला आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. कॅबिनेटच्या तळाशी सिलिका जेलच्या चार पुड्या ठेवा, रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर सुकवा. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास ॲम्प लावा, त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतली ओल निघते. तेव्हाच सगळे नॉब फिरवा आणि प्रत्येक जॅकमध्ये, न वापरलेल्या रिटर्नमध्येसुद्धा, प्लग चार वेळा घाला-काढा.

आणि ॲम्प कारागिराकडे देताना हँडलला एक चिठ्ठी बांधा: आवाज चालू केल्यावर किती मिनिटांनी बसतो, व्हॉल्यूम शून्यावर काय होतं, सेंड-रिटर्नला केबल लावल्यावर काय फरक पडला, कुठली ट्यूब कुठे बदलून पाहिली.